पडदा किती वेळा उठतो?

गेल्या वर्षी एकाच महिन्यात माझ्या माहितीत दोन खरेद्या झाल्या. दोन्ही आवाजासाठी, आणि दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच, ४२,००० रुपये. पहिली माझ्या मित्राची : दीड मीटर लांबीची एक वायर. दुसरी आमच्या घरची : नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कानात घालायची यंत्रं. बँकेत २३ वर्षं जमा-नावे करण्यात गेल्यामुळे सारख्या रकमेच्या दोन नोंदी दिसल्या की त्या शेजारी शेजारी मांडून बघायची मला खोड लागली आहे. आजही तेच करणार आहे. ताळेबंद जुळला तर उत्तम, नाही जुळला तर बँकेत करतो तेच करू. म्हणजे चहा मागवू आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बघू.

मित्राचं खरं नाव सांगत नाही, कारण तो माझं इन्कमटॅक्सचं रिटर्न फुकट भरून देतो. वायरींच्या नादामुळे आम्ही त्याला तारानाथ म्हणतो. आम्ही दोघं एकाच वर्गातून बी.कॉम. झालो. पुढे मी बँकेत चिकटलो, तो चार्टर्ड अकाउंटंट झाला. त्याच्या कचेरीत एखादा अशील "खर्च झालाय हो, पण पावती हरवली" असं म्हणाला, तर हा चष्म्याच्या वरून असा बघतो की त्या अशिलाला आपला जन्म तरी पुराव्यानिशी झालाय की नाही, अशी शंका यावी. असा हा कडक माणूस संध्याकाळी घरी येतो, बूट काढतो, गाण्याच्या खोलीत शिरतो आणि "रेशमी" या एका शब्दावर ४२,००० रुपये मंजूर करतो. पावती नाही, व्हाउचर नाही, काही नाही.

तर त्या रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला.

"ताबडतोब ये. पडदा उठला!"

पहिल्यांदा असा फोन आला होता तेव्हा मला वाटलं, बालगंधर्वला सकाळचा प्रयोग असेल आणि याच्याकडे एक पास जादा असेल. घाईघाईने अंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. आता सवय झाली आहे. आता मी लेंग्यावरच जातो.

हा अकरावा पडदा. पहिला उठला तो नवीन स्पीकर आले तेव्हा. दुसरा अॅम्प्लिफायर बदलला तेव्हा. मग स्पीकरखाली ठेवायला पितळेचे अणकुचीदार पाय आले, तिसरा उठला. मग अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतच्या वायरी, मग त्या वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून चिनी मातीच्या टेकण्या. प्रत्येक वेळी एकेक पडदा. नाटकाच्या धंद्यातही एका प्रयोगात इतके पडदे कोणी उठवत नाही. माझ्यातल्या हिशेबनिसाची तक्रार एवढीच की सुरुवातीची शिल्लक कोणी लिहून ठेवलेली नाही. मुळात पडदे होते किती, हे माहीत असल्याशिवाय आता उरले किती, हे कसं कळायचं?

तारानाथच्या त्या खोलीत खुर्ची एकच. आवाज म्हणे बरोबर त्याच जागी "जमून येतो". बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं आणि न जमलेला आवाज ऐकायचा. माझ्यावर लोभ असल्यामुळे त्याने मला खुर्ची दिली. किशोरीताईंचा भूप लावला. वीस सेकंद झाली असतील नसतील, सुई उचलली.

"ऐकलंस?"

"सुरुवात तर होऊ दे!"

"अरे, गाणं नको ऐकूस. आवाज ऐक. आवाजाच्या मागचा काळोख ऐक!"

आता काळोख कसा ऐकतात, हे मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटले. काळोख दिसला. तसं त्याला सांगितलं. तो खूश झाला.

मग त्याने वर्णन सुरू केलं. वरचे सूर रेशमी झालेत. मधले लोण्यासारखे. खालच्यांना मखमली खोली आली आहे. तबलजी पूर्वी डाव्या स्पीकरला चिकटून बसायचा, तो आता तीन फूट मागे सरकून बसलाय. दोन सुरांच्या मध्ये हवा खेळते आहे. मी सगळं ऐकत होतो आणि माझ्या मनात येत होतं की ही भाषा आपण कुठेतरी ऐकली आहे. घरी परत येताना लक्ष्मी रोडवर आठवलं. रेशीम, मखमल, पदराला वजन, काठाला झळाळी : हे तर साडीचं दुकान! आणि लोणी, हवेशीर, प्रशस्त, खेळतं वारं ही घरांची आणि हॉटेलांची जाहिरात. आवाजाचा स्वतःचा असा एकही शब्द त्या अर्ध्या तासात मी ऐकला नव्हता.

ही भाषा तारानाथची स्वतःची नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ती परदेशी मासिकांतून आली आहे, आणि तिला इतिहास आहे. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट नावाच्या गृहस्थांनी १९६२ साली 'स्टीरिओफाइल' हे मासिक काढलं. त्या आधी यंत्रांची परीक्षणं मुख्यतः मोजमापांवर चालायची. इतके वॅट, इतके टक्के विकृती, झालं. होल्ट यांचं म्हणणं असं की मोजून काय सांगता, ऐकून सांगा. म्हणणं चूक नव्हतं. गाणं शेवटी कानानेच ऐकायचं असतं, मीटरने नाही. पण ऐकलेलं सांगायचं तर शब्द हवेत, म्हणून त्यांनी शब्द जमवले, घडवले. पुढे १९९० साली त्यांचा एक कोशही निघाला. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ, हे नीट ठरवलेला. हेतू चांगला होता. पण शब्दांचं काय होतं ठाऊक आहे? कोश करणारा ते मोजून देतो आणि वापरणारा ओंजळीने उधळतो.

बरं, पडदा उठायला सुरुवात तरी कधी झाली? तर १९१५ मध्ये. त्या वर्षापासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव एक प्रयोग चालवला होता. रंगमंचावर फोनोग्राफ आणि त्याच्या शेजारी जिवंत गायिका. आधी दोघं मिळून गायचे. मग दिवे मालवायचे. अंधारात गाणं चालूच. दिवे लागले की मंचावर फक्त फोनोग्राफ, बाई केव्हाच निघून गेलेल्या! लोक थक्क व्हायचे. खरा आवाज कोणता आणि यंत्राचा कोणता, कळतच नाही म्हणायचे. लक्षात घ्या, त्या रेकॉर्डिंगला मायक्रोफोनसुद्धा नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, अशी ती पद्धत. त्या प्रयोगांत गाणाऱ्या अॅना केस या गायिकेने पुढे कबूल केलं की यंत्राच्या आवाजाशी जुळावा म्हणून त्या आपला आवाज आवरून गात. म्हणजे यंत्र माणसासारखं झालं नव्हतं, माणूस यंत्रासारखा झाला होता! पण ऐकणाऱ्यांच्या लेखी १९१५ सालीच पडदा पुरता उठला होता. मग गेली शंभरावर वर्षं आपण उठवतोय ते काय?

माझा धंदा चक्रवाढीचा. म्हणून मी तारानाथचा हिशेब मांडून पाहिला. प्रत्येक खरेदीनंतर तो "आधीच्या दुप्पट!" असं म्हणालेला मला आठवतं. अकरा वेळा दुप्पट म्हणजे २,०४८ पट. याचा अर्थ त्याचा पहिला संच आजच्या संचाच्या २,०४८ वा भाग होता. रुपयात सांगायचं तर पैशाचा विसावा भागसुद्धा नाही. आता अडचण अशी की त्याच पैसाभरही नसलेल्या संचावर, त्याच खोलीत, आम्ही दोघांनी एका पावसाळ्यात भीमसेनजींची तोडी ऐकली होती. रेकॉर्ड संपली. सुई मधल्या गोलात खरखरत फिरत राहिली. बराच वेळ कोणी उठलं नाही, कोणी बोललं नाही. शेवटी वहिनी चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून काही न विचारता कप ठेवून गेल्या. तेव्हा आमच्याकडे एकही विशेषण नव्हतं. आज २,०४८ पट झालंय आणि वीस सेकंदांच्या पुढे रेकॉर्ड जात नाही.

मला खरी टोचणी लागली ती इथे. पैसे त्याचे आहेत, त्याने वायरीत घालावेत नाहीतर गायरानात. पण वायर आणल्यापासून त्या घरात एकही राग समेवर येऊन संपलेला नव्हता.

या ४२,००० च्या वायरीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. ही गाणं वाहून नेणारी वायर नव्हे. भिंतीतल्या प्लगपासून अॅम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी. आता वीज कुठून येते? समजा, कोयनेहून निघाली. डोंगर उतरून, मनोऱ्यांवरच्या अॅल्युमिनियमच्या तारांतून शेकडो किलोमीटर आली. उपकेंद्रं झाली, रोहित्रं झाली, खांबावर पतंग अडकलेले झाले. मग सोसायटीच्या मीटरच्या खोलीतून जिना चढून भिंतीतल्या वायरीतून, जिथे बिल्डरने काय घातलंय ते देवच जाणे, ती प्लगपर्यंत पोचली. तोपर्यंत तिच्यावर कसलेही संस्कार नाहीत. आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये तिची मुंज! तिथून पुढे ती सोवळ्यात गाणं म्हणणार.

हे मी तारानाथला म्हणालो. तो म्हणाला, "तुला आज फरक वाटणार नाही. ४०० तास चालल्यावर वायर मुरते. माहितीपत्रकातच दिलंय."

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, सरकारी नोकरही मुरतो. पण तांबं? मी पुन्हा हिशेब केला. तो रोज एक तास ऐकतो. ४०० तास म्हणजे ४०० दिवस, तेरा महिने. वायर परत करण्याची मुदत ३० दिवस. मुदत ठेवीच्या धंद्यात असल्यामुळे या योजनेची रचना मला मनापासून आवडली. आणि तेरा महिन्यांत माणूस कोणत्याही आवाजाला सरावतो, हे उघडच आहे. वायर मुरत नाही, ऐकणारा मुरतो.

यावर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. या मासिकांत एक ठरलेलं वाक्य असतं म्हणे : "फरक इतका जबरदस्त की स्वयंपाकघरात असलेल्या माझ्या बायकोलाही तो जाणवला!" तारानाथ त्याच वाक्याच्या आशेने त्यांच्याकडे बघत होता. वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "भावजी, तुम्ही वायर बदला, आणि यांना सांगू नका. मग यांनी ओळखावी. एवढं सोपं तर आहे."

बाईंनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यावर तिकडे लठ्ठ शोधनिबंध झाले आहेत.

आम्ही दहा फेऱ्या ठरवल्या. कोणती वायर लावायची ते नाणं उडवून ठरवायचं. तारानाथने तेवढ्या वेळ गॅलरीत जाऊन उभं राहायचं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. आवाजाची मूठ एकाच खुणेवर. ही शेवटची अट महत्त्वाची, कारण आवाज अगदी चिमूटभर वाढला तरी कानाला तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. आवाज वाढवला की खालचे आणि वरचे सूर जास्त भरीव लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलेलं आहे. दुकानदारांना ते त्याही आधीपासून ठाऊक असावं.

दोन तास लागले. मध्ये दोनदा चहा झाला. वहीत मी रीतसर रकाने आखले होते. निकाल : दहापैकी सहा बरोबर.

"साठ टक्के!" तारानाथ खुर्चीतून उठलाच. "फर्स्ट क्लास! बी.कॉम.ला तुला छप्पन्न होते!"

होते. पण नुसतं नाणं उडवत बसलं तरी दहात सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात अडतीसच्या जवळपास असते. हे मी त्याला समजावत होतो तोच वहिनींनी कणकेच्या हातांनी एक कागद पुढे केला. प्रत्येक फेरीला त्यांनीही आतून अंदाज लिहून ठेवला होता. गाणं न ऐकता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. दहापैकी सात. शेवटी ते ठरलेलं वाक्य खरं ठरलं म्हणायचं!

मोठ्या प्रमाणावर हेच करून पाहिलंय. २००७ साली मायर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेतल्या ध्वनितंत्रज्ञांच्या नियतकालिकात एक पाहणी छापली. उच्च दर्जाचं म्हणून महाग विकलं जाणारं रेकॉर्डिंग एकीकडे, आणि तेच साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून दुसरीकडे. ऐकणारे कानसेन आणि व्यावसायिकही होते. एकूण ५५४ वेळा ऐकवलं. बरोबर ओळखलं २७६ वेळा. नाण्यानेही इतका निःपक्षपाती निकाल दिला नसता.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिली नाही तर या लेखाचं ऑडिट अपुरं राहील. आठव्या फेरीला तारानाथ एकदम म्हणाला, "थांब! तानेच्या शेवटी श्वास घेतलेला ऐकू आला. ऐक." मी ऐकलं. आणि मलाही तो श्वास ऐकू आला. लख्ख. आयुष्यात पहिल्यांदा. त्या वेळी लावलेली वायर जुनी होती, अॅम्प्लिफायरबरोबर फुकट आलेली. मी स्वतःच्या हाताने लावली होती. तरीही मला ऐकू आला! पुढच्या आठवड्यात घरी मोबाइलच्या साध्या इअरफोनवर तोच भूप लावला. श्वास तिथेही होता. तो पहिल्यापासून रेकॉर्डमध्येच होता, आमचं लक्ष नव्हतं इतकंच.

म्हणजे तारानाथ खोटं बोलत नाही. त्याला खरंच वेगळं ऐकू येतं. नवीन वायर आणली की तो कान टवकारून बसतो, आणि कान टवकारले की काहीतरी नवीन सापडतंच. माझी तक्रार त्याच्या कानाबद्दल नाही, वाक्याबद्दल आहे. "मला आज वेगळं ऐकू आलं" हे वाक्य कोणीही बोलावं, त्याला पावती लागत नाही. "वायरीने पडदा उठवला" म्हटलं की मात्र पावती लागते. पहिलं वाक्य बोलणारा रसिक. दुसरं बोलणारा विक्रेता, मग त्याने वस्तू स्वतःच विकत घेतलेली का असेना.

कधी कधी ही पावती अचानक पुढे येते. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाच्या कंपनीच्या रेकॉर्ड दर्दी लोक चढ्या भावाने घेत, कारण त्या मूळ टेपवरून थेट, मध्ये कुठेही डिजिटलचा विटाळ न होता निघतात अशी सर्वांची समजूत होती. डिजिटलचा थेंब जरी पडला तरी आपल्याला लगेच कळतं, असं हे दर्दी सांगत. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्याच तंत्रज्ञांनी कबूल केलं की २०११ पासून पुष्कळ रेकॉर्डींत मध्ये डिजिटलची पायरी होती. अकरा वर्षं विटाळ झाला आणि कोणालाही आंघोळ करावीशी वाटली नाही! खरं तर यात आनंदाची गोष्ट होती : ती पायरी इतकी चांगली होती की कोणाला कळली नाही. पण आनंद कोणाला झाला नाही, खटले मात्र झाले.

आणि होल्ट? ज्यांनी ही भाषा घडवली, तेच २००७ साली, वयाच्या उत्तरार्धात, म्हणाले की न बघता ऐकून पारखण्याची साधी प्रामाणिकपणाची कसोटी या छंदाने १९८० च्या दशकात धुडकावली आणि तिथेच आपली पत घालवली. 'पत' हा आमच्या बँकेचा शब्द. एकदा गेली की नवीन वायर लावून परत येत नाही.

म्हणजे सगळं सारखंच ऐकू येतं का? मुळीच नाही. स्पीकर बदलला तर फरक पडतो, खूप पडतो. खोलीत गाद्या, पुस्तकं, जाड पडदे असले तर पडतो (इथे पडदा उठवून नव्हे, सोडून आवाज सुधारतो). सुई झिजली तर पडतो. आणि सगळ्यात स्वस्त फरक तर आपल्याकडेच आहे. काही वर्षं माझी बदली मिरजेला होती. तिथे एका तानपुरे करणाऱ्यांच्या दुकानात मी शनिवारी दुपारनंतर जाऊन बसत असे. तारेच्या खाली, घोडीवर ते सुताचा एक बारीक तुकडा सरकवत. नखाएवढा पुढे, केसाएवढा मागे. आणि अचानक त्या एका तारेतून सुरांचा मधमाश्यांसारखा थवा उठायचा. जवारी लागली! डोळे मिटा, पाठ करून बसा, शेजारच्या दुकानातून ऐका, फरक कळणार म्हणजे कळणारच. सुताची किंमत काही नाही. आणि कारागिराचं परीक्षण किती शब्दांचं? मान न उचलता ते म्हणायचे, "हं, आता बोलला."

तिथे मला पहिल्यांदा शंका आली, आणि नानांच्या यंत्रांनी तिची खात्री केली.

नानांना वर्षभर कमी ऐकू येत होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. नानांच्या मते आम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलत होतो. टीव्ही इतका मोठा की खालच्या मजल्यावरचे बातम्या आमच्याच टीव्हीवर ऐकत. शेवटी एकदाचे तपासणीला गेले. काचेच्या खिडकीची एक बंद खोली. आत नाना कानाला हेडफोन लावून. बाहेर तपासणाऱ्या बाई. आवाज आला की हात वर करायचा. किती हर्ट्झचा, किती मोठा, नानांना काही दिसत नाही. वहिनींनी सांगितलेली परीक्षा ती हीच! अधूनमधून नाना आवाज नसतानाही हात वर करत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "बराच वेळ झाला होता. वाटलं, एव्हाना आला असणार." मला एकदम तारानाथ आठवला. वाट बघणाऱ्याला ऐकू येतं.

पण बाईंकडे कागद होता. त्यावर आलेख होता. वरच्या पट्टीला रेघ घसरत गेलेली. वयाने आधी तिथलंच जातं, आणि स, श, त, थ ही अक्षरं नेमकी तिथेच राहतात. म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. नाना वर्षभर म्हणत होते ते काही अगदीच चूक नव्हतं.

यंत्रं बसवून घरी आणलं त्या संध्याकाळी तारानाथ मुद्दाम भेटायला आला. दोन्ही ४२,००० एका खोलीत. त्याने उत्सुकतेने विचारलं, "काका, कसा वाटतो आवाज? पडदा उठल्यासारखा?"

"कसला पडदा?" नाना करवादले. "सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटताय. तुझा आवाज तर घोगराच आहे." मग थांबले. वर बघितलं. "अरे, हा पंखा कुरकुरतोय. कधीपासून?"

"तीन वर्षं झाली, नाना."

"आणि हे घड्याळ वाजतं होय?" पुन्हा थांबले. आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. नाना तिकडे मान वळवून ऐकत बसले. मग हळूच म्हणाले, "फोडणी."

एवढंच. रेशमी नाही, मखमली नाही. उलट पत्र्याचा डबा! पण पंखा, घड्याळ, फोडणी. माझा ताळेबंद तिथे जुळला. फरक खरा असला की माणूस नामांत बोलतो. मनातला असला की विशेषणांवर भागवावं लागतं, कारण दाखवायला दुसरं काही नसतं. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला वायर, चहा, मोटार किंवा म्युच्युअल फंड याबद्दल भरभरून सांगू लागलं, तर त्यातली विशेषणं काढून टाका आणि उरतं काय ते बघा. काही उरलं तर जरूर घ्या.

तारानाथ जाताना जिन्यात काही बोलला नाही. वायर त्याने परत केली नाही. ३० दिवस कधीच उलटून गेले होते. पण महिन्याभराने रविवारी फोन आला.

"येतोस का?"

"बारावा पडदा?"

"नाही रे. भूप लावतोय. ही म्हणते, पूर्ण लावा. काकांनाही आण. दोन खुर्च्या अजून आणल्यात."

मी नानांना विचारलं. ते म्हणाले, "येतो, पण त्याला सांग, मध्ये बोलायचं नाही."